न सांडलेलं पन्हं

चैत्रात आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन झोपाळे हलत असतात. एक हॉलमधला, सागवानी पाटाचा आणि पितळी कड्यांचा. तो बारा महिने असतो. दुसरा वीतभर उंचीचा, देवघराशेजारी चौरंगावर मांडलेला. त्यात तिजेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौर बसते. त्या वर्षी पहिल्या झोपाळ्यावर दिवाळीपासून मी बसून होतो. गौर माहेरपणाला आलेली असल्यामुळे तिला कुणी "आता उठणार कधी?" असं विचारत नव्हतं.

माझ्या कंपनीनं कारखाना गुजरातला हलवला होता. मला रीतसर विचारलं होतं, येताय का म्हणून. मी आईचं वय, मुलीची बारावी आणि बायकोची ठाण्यातली बँक अशी तीन भारदस्त कारणं दिली. डोंबिवलीबाहेर मला नीट झोप लागत नाही हे चौथं कारण अर्जात बसण्यासारखं नव्हतं. तर मी राहिलो. आणि राहिल्यावर लक्षात आलं की घरी बसणं हे बसून करायचं कामच नव्हे. मी सारखा उठत होतो. खिडकीशी जायचो, पंप चालू झाला का बघायचो, फ्रिज उघडून बंद करायचो, परत येऊन झोपाळ्यावर आदळायचो आणि पायानं रेटा द्यायचो. कड्या कुरकुरायच्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात गाठून फार गोड आवाजात विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे लहान बाळ आलंय का?"

"आहे एक," बायको म्हणाली. "बावन्न वर्षांचं."

अशात कल्याणच्या एका क्लासमधून फोन आला. मी मूळचा फिजिक्सचा बी.एस्सी., आणि लग्नाआधी शिकवण्याही घेतलेल्या. ओळखीतल्या कुणीतरी हे त्या क्लासच्या चालकांच्या कानावर घातलं होतं. त्यांना अकरावी-बारावीसाठी माणूस हवा होता. एक नमुन्याचा तास घ्यायचा, खऱ्या मुलांसमोर. तो बघून ठरवणार. विषयही त्यांनीच दिला, सरल आवर्त गतीतलं विस्थापन आणि त्वरण.

पगाराचा आकडा मी विचारलाही नाही. मला सकाळी चपला घालायला एक कारण हवं होतं. जूनपासून रोज जायला एक जागा, "काय सर, आज उशीर?" असं विचारणारा एखादा वॉचमन. एवढ्यावर माझा जीव टांगलेला होता, आणि तो तसा टांगलेला आहे हे घरातल्या सगळ्यांना दिसत होतं. म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. आमच्या घरात शांतता म्हणजे काळजी.

विषय तसा सोपा. झोके घेणारी वस्तू मधल्या जागेपासून जितकी लांब जाईल, तितकी तिला मध्याकडे खेचणारी ओढ जास्त. ओढ जास्त म्हणून त्वरणही जास्त, आणि त्याची दिशा नेहमी उलटी. उजवीकडे गेलात तर ओढ डावीकडे. मध्यावर ओढ शून्य, पण वेग सगळ्यात जास्त. टोकाला वेग शून्य, पण त्वरण सगळ्यात जास्त. गोची होते ती इथेच. मुलांना वाटतं, जिथे वस्तू क्षणभर थांबली तिथे कसलं आलंय त्वरण? मुलांनाच कशाला, आमच्या हिलाही तसंच वाटत होतं.

"अहो, थांबलीये ना ती? मग?"

"थांबलीये, पण तिथेच तिला सगळ्यात जोरात परत खेचलं जातंय."

"मग थांबली कशाला?"

मी पट्टी पुढे-मागे हलवून बघितली, हातवारे केले, टोकाला जाऊन चेहऱ्यावर ओढ आणली. मुलगी अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "बाबा, प्लीज, हे मुलांसमोर करू नका."

काहीतरी डोळ्यांना दिसणारं हवं होतं. ते मला आईनं दाखवलं, निदान मला तसं वाटलं. संध्याकाळी ती मोठ्या झोपाळ्यावर पन्ह्याचा पेला घेऊन बसली होती. झोका टोकाला गेला की पेल्यातलं पन्हं काठावर चढायचं आणि तिच्या पदरावर थेंब पडायचा. मध्यावरून जाताना काही नाही. पुन्हा टोकाला, पुन्हा थेंब.

मी ओरडलो, "आई, थांबू नकोस! तशीच झोके घे!"

"अरे, पातळ भिजलं माझं."

"भिजू दे. टोकाला सांडतंय, बघ! त्वरण दिसतंय!"

"मला डाग दिसतोय," आई म्हणाली.

पण माझं डोकं सुरू झालं होतं. मोठा झोपाळा काही कल्याणला नेता येत नाही. छोटा येतो. गौरीच्या झोपाळ्यात, तिच्या पुढ्यात, पन्ह्याची वाटी ठेवायची. झोका द्यायचा. टोकाला सांडणार, मध्यावर नाही. वर्गातली एकजात सगळी मुलं झोपाळ्यांच्या घरातली असणार, कुणीही जन्मात विसरणार नाही. मी लगेच करून बघायला हवं होतं, हे कुणीही सांगेल. पण आरास मांडलेली, समोर कलिंगडाची कमळं, करंज्या, आईची नजर. आणि खरं सांगायचं तर मला इतकी खात्री वाटत होती की करून बघण्याची गरजच वाटली नाही. कारखान्यात वीस वर्षं तपासणी विभागात काढलेला माणूस मी!

आई ऐकेना. "गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत उठत नाही. माहेरी आलेल्या लेकीला असं उठवून कुणी कल्याणला नेतं का?"

"उठवत नाही. बसलेलीच नेतो. झोपाळ्यासकट."

"आणि संध्याकाळी हळदीकुंकू आहे माझं. चाळीसेक बायका यायच्या."

"त्याच्या आत आणतो."

आईनं माझ्या पायाकडे बघितलं. माझ्या पायाची पोटरी तेव्हाही हलत असणार, ती थांबतच नसे. मग ती उठली, गौरीच्या साखळ्यांना रेशमी धाग्यानं बांधून घेतलं, आणि एका बाटलीत पन्हं भरून दिलं. "जाऊ दे तिलाही. पण दुपारी जिथे असशील तिथे तिला नैवेद्य दाखव. आणि पाचच्या आत घरी आण. उगाच तिथे गप्पा मारत बसू नकोस."

रिक्षात मी मांडीवर झोपाळा घेऊन बसलो. वर आईचा धुतलेला पंचा झाकलेला. पत्रीपुलाच्या अलीकडे गाड्या अशा काही तुंबलेल्या की रिक्षावाल्यानं इंजिनच बंद केलं आणि मागे वळून विचारलं, "काका, पिंजरा आहे काय? पोपट?"

"देव आहे."

त्यानं लगेच इंजिन चालू केलं, फुटपाथच्या कडेनं रिक्षा घातली आणि मला वेळेच्या आधी पोचवलं. भाडं घेताना पंच्याला हात लावून कपाळाला लावला. मला वाटलं, चला, सुरुवात तर चांगली झाली.

क्लासच्या दाराशी मोठा फलक होता. त्यावर सगळ्या शिक्षकांचे हात बांधलेले फोटो आणि प्रत्येकाच्या खाली विषय. फिजिक्सची चौकट रिकामी होती. मी तिच्याकडे बघत नाही असं दाखवत बघितलं. चालक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, अत्यंत नम्र आणि अत्यंत घाईत. "या सर, या. मुलं बसलीयेत. मी मागे बसतो. तुम्ही बिनधास्त घ्या. हे काय आहे?"

"साहित्य," मी म्हणालो.

वर्ग गार होता, एसीमुळे. मी पंचा काढला. टेबलावर पितळी झोपाळा, त्यात हळदीकुंकू लावलेली गौर. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हळूच सँडल काढून बाकाखाली सरकवले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "अबे, पूजा आहे काय आज?"

आईची आज्ञा होती म्हणून मी आधी बाटलीतलं पन्हं वाटीत ओतून नैवेद्य दाखवला. मग वाटी गौरीच्या पुढ्यात ठेवली. ती सरकू नये म्हणून तळाला कणकेचा गोळा लावून आणला होता, एवढी माझी तयारी. वाटी पाऊण भरलेली होती. धागा सोडला.

"ही आता झोका घेईल. सांगा, हिचा वेग कुठे जास्त?"

"मध्ये!"

"आणि त्वरण? अ‍ॅक्सिलरेशन?"

"मध्ये!" सगळे एकसुरात. मला याचसाठी तर बोलावलं होतं.

"चूक," मी म्हणालो, आणि असा काही थांबलो की मला स्वतःचाच अभिमान वाटला. "त्वरण टोकाला. विस्थापन जितकं जास्त, त्वरण तितकं जास्त. आणि ते मी तुम्हाला दाखवणार आहे. नीट बघा. टोकाला पन्हं सांडेल. मध्ये नाही."

मी गौरीला बोटानं हलके हलके झोका देऊ लागलो, आई देते तसा. झोका वाढत गेला. मी बोट काढून घेतलं. सगळ्यांच्या माना डावीकडे, उजवीकडे.

पन्हं सांडलं नाही.

"अजून थोडं," मी म्हणालो आणि झोका वाढवला. साखळ्या चांगल्याच तिरक्या जात होत्या. वाटीही तिरकी जात होती. पण आतलं पन्हं वाटीत असं बसलेलं, जणू त्याला कुणी सांगितलंच नाही की आपण झोपाळ्यात आहोत. काठावर चढेना, की हलेना.

"सर, जेली आहे का ती?"

हशा. मीही हसलो, उशिरानं. अजून जोरात झोका दिला. गौरीच्या नथीचा मोती लुकलुकत होता, पन्हं ढिम्म. माझ्या कानामागून घाम उतरला, त्या गार खोलीत. मागच्या बाकावर चालकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. खिडकीच्या वर एक कॅमेरा होता, त्याचा लाल दिवा थेट माझ्या कपाळावर रोखलेला. तास सुरू होऊन फार वेळ झालेला नव्हता, आणि मी ज्या एका गोष्टीवर उभा होतो तीच पायाखालून गेली होती. काय करायचं? एसीवर ढकलायचं, कणकेवर ढकलायचं, "हे तुम्ही घरी करून बघा" म्हणून फळ्याकडे वळायचं? शिक्षकाला यातलं सगळं शोभतं. माझ्या तोंडून निघालं ते असं:

"सांडायला हवं होतं. का सांडत नाही, मला माहीत नाही."

लगेच बरीच गडबड. सगळे एकदम बोलायला लागले. पन्हं घट्ट आहे. वाटी लहान आहे. देवाचं आहे म्हणून सांडत नाही. यावर पुन्हा हशा. मग कुणीतरी म्हणालं, "सर, टोकाला धरून ठेवा ना. तसंच. थांबवा."

मी झोपाळा टोकाला नेऊन बोटांनी धरला. आणि पन्हं संथपणे वाटीच्या खालच्या काठाकडे गेलं आणि टेबलावर सांडलं.

"ओ!" सगळा वर्ग.

"सोडा!"

सांडलेलं पुसलं, वाटी पुन्हा भरली, झोका दिला, सोडला. नाही सांडलं. टोकाला धरला. सांडलं. तितकाच तिरकेपणा, तीच वाटी. धरलं की सांडतं, सोडलं की नाही. आता मलाच राहवेना. मी खडू घेऊन फळ्याकडे धावलो, दोन बाण काढले, एक पुसला. सँडल काढलेली मुलगी बाकावरूनच बोलली, "सर, वाटीसुद्धा खेचली जातेय ना? फक्त पन्हं नाही. दोघं एकत्रच चाललीयेत. मग पन्हं वाटीबाहेर कशाला पडेल?"

बरोबर. त्वरण टोकालाच सगळ्यात जास्त होतं, तिथे माझी चूक नव्हती. पण ते वाटीलाही तेवढंच होतं आणि पन्ह्यालाही तेवढंच, आणि वाटी नेमकी तेवढीच तिरकी होत होती. सांडायचं कारणच उरत नव्हतं. धरून ठेवलं की मात्र वाटी तिरकी, पन्हं आपल्या पातळीला जायला मोकळं.

"मग सर, तुमच्या आईचं का सांडलं?" पहिल्या दोन मिनिटांत मी ती पदराची गोष्ट मोठ्या रंगात सांगून बसलो होतो.

"सांडलं खरं..."

"आजी पायानं रेटतात का?"

मी डोळ्यांपुढे आणलं. प्रत्येक टोकाला आईचा अंगठा जमिनीला टेकतो, ती रेटा देते, आणि हातातल्या पेल्याला हिसका बसतो. पन्हं त्वरणानं नव्हे, आईच्या अंगठ्यानं सांडलं होतं. मी तसं म्हणालो, आणि तो वर्ग जो हसला त्यानं कॅमेऱ्याची काच हलली असेल.

राहिलेल्या वेळात मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. एकेकाला बोलावलं. झोपाळा एका बोटानं धरायचा, आधी मध्यावर, मग थोडा लांब, मग आणखी लांब, आणि बोटाला किती ओढ लागते ते सांगायचं. मध्यावर काही नाही. थोडं लांब, थोडी ओढ. दुप्पट लांब, बोट म्हणतं दुप्पट. सँडलवाली मुलगी विचारून गेली, "हात लावला तर चालेल ना, सर?" म्हटलं, "लाव, तिलाही माणसांत बरं वाटतंय." समीकरण फळ्यावर आलं तेव्हा तास संपल्याची घंटा होऊन गेली होती.

चालकांच्या केबिनमध्ये मी झोपाळा मांडीवर घेऊन बसलो.

"सर, खूप इंटरेस्टिंग होतं." या वाक्यानंतर काय येतं हे मला कळतं. कंपनीतही ते असंच सुरू झालं होतं. "पण काय आहे ना, या प्रश्नाला परीक्षेत एक मार्क आहे. तुम्ही एक तास दिलात. आणि तुम्ही मुलांना म्हणालात, मला माहीत नाही. पालक कॅमेऱ्यावर लाइव्ह बघत असतात, सर."

"बघत होते?"

"एकांनी मेसेज केलाय. लेक्चर आहे की कीर्तन, असं विचारलंय."

मी मान हलवली. त्यांचं चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही मी नको झालो असतो. मी झोपाळ्याला धागा बांधला, पंचा झाकला आणि बाहेर पडलो. फलकावरची रिकामी चौकट या वेळी मी उघडपणे बघितली.

जिन्यात चार-पाच जण उभे होते. ते वाट बघत होते की जागा अडवून उभे होते, सांगता यायचं नाही. "सर, बसमध्ये ब्रेक लागला की बाटलीतलं पाणी पुढे जातं, मग झोपाळ्यात का नाही?" मी सांगायला लागलो. भिंतीला टेकलो. झोपाळा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कुणीतरी वहीच्या शेवटच्या पानावर बस काढली. एकाचं उत्तर होईपर्यंत दुसऱ्याचा प्रश्न. एकाला मी दिलेलं उत्तर दुसरीनं खोडलं, आणि खोडलं ते बरोबर खोडलं. घड्याळाकडे बघितलं तर निघायची वेळ उलटून गेलेली. आईचे शब्द आठवून मी झोपाळा उचलला.

मी धावतच सुटलो, तेवढ्यात चालक मागून जिना उतरत आले. "सर, एक मिनिट. मी बघत होतो. दुपारच्या वेळेत मुलं डाउट्स घेऊन येतात, त्यांना बसवून सांगणारं कुणी टिकत नाही. कंटाळतात, चिडतात. तुम्ही कराल? बॅच नाही मिळणार. फलकावर फोटोही नाही. रोज दुपारी तीन ते सहा."

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. म्हणालो, "घरी विचारून सांगतो." आमच्या पिढीच्या पुरुषाला आनंद झाला की तो असं म्हणतो.

घरी पोचलो तेव्हा बायका यायला सुरुवात झालेली. चौरंग रिकामा, त्यापुढे आई उभी, चेहरा असा की मी पंचा काढायच्या आत तिनं झोपाळा माझ्या हातातून घेतला. गौर जागेवर बसली. आईनं तिच्या गालाला बोट लावून बघितलं, जसं तापलेल्या पोराला बघतात. "दमली गं, दमली. कल्याण म्हणजे काही जवळ आहे?" मग माझ्याकडे न वळता, "झालं का काम?"

"बॅच नाही दिली."

स्वयंपाकघरात हिच्या हातातला डाव थांबला. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"मुलांच्या शंका सोडवायला या म्हणतायत. रोज दुपारी."

"म्हणजे शिकवायचं नाही?" आई म्हणाली.

"मुलं विचारतील ते सांगायचं. येत नसलं तर येत नाही म्हणायचं, मग त्यांच्याबरोबर शोधायचं."

"येत नाही म्हणायचे पैसे देतात?" मुलगी.

"तुझ्या बाबांना हे आयुष्यभर फुकट करता आलं असतं, कधी केलं नाही," ही म्हणाली, आणि डाव पुन्हा डाळीत फिरायला लागला. "अहो, लावा की मग फोन. उभे काय राहिलात?"

मी गॅलरीत गेलो. खाली जिन्यात बांगड्यांचा आवाज, आत हशा. फोन लावला, हो म्हणालो. चालक म्हणाले, "छान. सोमवारपासून या. आणि सर, तुमचा नंबर मुलांनी मागून घेतलाय माझ्याकडून. चालेल ना?"

चालेल म्हणेपर्यंत पहिली शंका आली. फळ्यावर काढतात तसं चित्र, घाईत काढलेलं. एक लिफ्ट, लिफ्टच्या छताला झोपाळा, झोपाळा हलतोय. खाली लिहिलं होतं: "सर, आणि लिफ्टचा दोर तुटला तर?"

मी मनात पटकन उत्तर दिलं. मग ते पटेना. मग दुसरं दिलं. आतून हाक आली, कलिंगड कापायचंय, बायका खोळंबल्यात. मी आत गेलो, सुरी घेतली, कलिंगड पुढ्यात ओढलं, आणि ती लिफ्ट खाली यायला लागली तेव्हा झोका नेमका कुठे होता, टोकाला की मध्यावर, तेच आधी ठरवायला हवं असं माझ्या लक्षात आलं.

"अहो," ही म्हणाली, "कापताय ना?"

"कापतो. एक मिनिट. टोकाला असला तर वेगळं, मध्यावर असला तर वेगळं."